चौथा कट्टा

"गोटीराम, ही पिस्तुलाची नळी तुझ्या हातची आहे ना?"

शकुबाईची भाकरी तव्यावरच राहिली. नवऱ्याचा, सावळीरामचा, आवाज तिने इतका हळू कधी ऐकला नव्हता.

दिराने मान वर केली नाही. "काहीतरीच काय, दादा!"

"इकडे बघ. तोंडाची कड आतून-बाहेरून घासून मोडलीय. हात लावणाऱ्याचं बोट कापू नये म्हणून! हे तुला मी शिकवलंय रे... कट्टे बनवणारा कुणाच्या बोटांची काळजी करत नाही!"

त्र्याऐंशी सालच्या त्या उन्हाळ्यात सातपूरच्या वसाहतीत कबड्डीच्या एका गुणावरून पोरांच्या दोन टोळ्या भिडल्या आणि सुलाबाईंचा मुलगा फकिरा गुडघ्यात गोळी लागून पडला. कुणी झाडली, कुणी सांगेना. पोरगा कुबडी घेऊन घरी आला, तशा सुलाबाई एकेका दाराशी जाऊन उभ्या राहू लागल्या. "मला नाव नको. वस्तू तेवढी विहारात आणून ठेवा." शनिवारी, कारखान्यांच्या सुट्टीला, त्यांनी विहारात पांढरी चादर अंथरली आणि कोण काय ठेवतं ते दिसू नये म्हणून सगळ्या बाया चादरीकडे पाठ करून बसल्या. दुपारपर्यंत चादरीवर तीन गावठी कट्टे आले होते! ते कापून टाकायला टर्नर सावळीरामला बोलावलं होतं, आणि पहिल्याच नळीवर अंगठा फिरवताना ती ओळखीची कड लागली, तसा तो नळी घेऊन तडक घरी आला होता.

"टोळीतले चिडवायचे, दादा," गोटीरामला रडू फुटलं. "म्हणायचे, भाऊ एवढा कारागीर आणि तुला साधी नळी जमेना? म्हणून सेकंड शिफ्टला, लेथवर... कुणाला लागेल असं मनातसुद्धा नव्हतं रे!"

सावळीराम त्याच्याकडे पाहत राहिला. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा होता; त्याच्यासाठी आपण शाळा सोडली, लग्न लांबवलं, आणि पुढच्या महिन्यात हा कंपनीत कायम होणार होता... सुलाबाईंपासून हे लपवणं त्याला शक्य नव्हतं, आणि गोटीरामचं नाव घेणं त्याहून अशक्य होतं.

"अहो, आपल्याला दोन लेकरं आहेत," शकुबाई कळवळून म्हणाली.

"तीन आहेत, शकू."

संध्याकाळी विहार खच्चून भरलं होतं. सावळीराम उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "सुलाबाई, ते कट्टे मी बनवले. काय शिक्षा करायची ती करा."

कुणी शिवी हासडली, कुणी बाह्या सरसावल्या. सुलाबाईंनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले.

"तुम्ही, भाऊ? तुम्ही तर फकिराला रक्त दिलंत..."

"दादा खोटं बोलतोय!" दारातून गोटीराम ओरडला. "मी बनवले, मावशी. मी एकट्याने!"

"गप बस, गाढवा!"

"नाही बसणार. आयुष्यभर माझ्या वाटचं सगळं तूच सोसलंस. एवढं तरी मला सोसू दे, दादा!"

सुलाबाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मारणार, असंच सगळ्यांना वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती केलेस?"

"चार."

"इथं तीन आलेत. चौथा कुठाय?"

"मावशी... चौथा तुमच्या घरात आहे. फकिराने कालच माणूस पाठवून नेला. कुबडी सुटली की हिशेब चुकता करणार म्हणाला."

सगळ्या वसाहतीची दारं ठोठावणारी ती बाई फक्त आपलं दार विसरली होती! सुलाबाईंनी पदर खोचला आणि त्या घराकडे निघाल्या. कुणी त्यांच्या मागे गेलं नाही, कुणी जागचं हललंही नाही.

त्या परतल्या तेव्हा फकिरा सोबत होता. त्याच्या गालावर पाच बोटं उमटली होती. दाराशी त्यांनी त्याचा दंड सोडला. तो एकटाच कुबडी टेकत चादरीपर्यंत गेला, वाकताना कळवळला, पण त्याला सावरायला त्यांनी कुणालाही पुढे येऊ दिलं नाही. कट्टा चादरीवर पडला.

"नावं मी मागितली नव्हती," सुलाबाई म्हणाल्या. "पण पोरं आपापल्या पायांनी पुढे आलीत. आता चौकीत दोघं एकदमच जातील. आणि मी दोघांचीही आई म्हणून जाईन."

सावळीरामचे हात आपोआप जोडले गेले. भावाला वाचवायचं म्हणजे त्याला आपल्या पाठीमागे लपवायचं, एवढंच त्याला आजवर ठाऊक होतं. आणि ही बाई पोटच्या पोराला उजेडात उभं करून वाचवत होती!

ते रस्त्याला लागले. फकिराच्या कुबडीच्या बेताने सगळेच हळू चालत होते. वळणावर सावळीरामने मागे पाहिलं आणि थबकला... अख्खी वसाहत मुकाट्याने मागून येत होती. ज्या घरांतून ते तीन कट्टे आले होते, ती घरंही त्यात असणारच! आणि आज प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी चाललं होतं.

चौकीच्या पायरीशी गोटीराम वळला आणि भावाच्या पाया पडला. "दादा, रडू नकोस ना. आणि उद्याची शिफ्ट चुकवू नकोस. मी आलो की शून्यापासून शिकव."

सावळीरामने त्याला उठवलं, लहानपणी द्यायचा तशी डोक्यात टपली दिली, आणि पहिल्यांदाच त्याचा हात सोडला.