तीन हात माझे, चार त्याचे

दोरीत पाय अडकला आणि माझं भूमितीचं पुस्तक थेट चुन्याच्या घमेल्यात जाऊन पडलं. समोरच्या मुलानं ते उचललं, सदऱ्याला पुसलं आणि मला द्यायचं सोडून स्वतःच वाचायला लागला. मला असा राग आला... पण त्याच्या पापण्यांवर बसलेला चुना बघता बघता तो राग कुठं गेला, कळलंच नाही.

तो बन्सी. शिरूरचा गवंडी. यवतला आमच्या घरामागं स्वयंपाकघर बांधायला आलेला. साल चौऱ्याहत्तर. अकरावीला मी गणितात आपटले होते आणि ऑक्टोबरला पुन्हा बसणार होते. आप्पा दौंडला रेल्वेत. त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, या खेपेला सुटलीस तर मास्तरीण व्हायला शिक, नाहीतर लग्न. मला शिकायचंच होतं. पण तो काटकोन त्रिकोण काही डोक्यात शिरत नव्हता.

"ह्ये तर आमचं रोजचंच हाय," बन्सी पानावर बोट ठेवून म्हणाला. "तीन, चार, पाच. दोरी धरता का, ललिताबाई?"

धरली. एका बाजूला मी कोपरापासून बोटांपर्यंत माझे तीन हात मोजले, दुसऱ्या बाजूला त्यानं त्याचे चार. खुंट्या ठोकल्या. आता तिरपी दोरी पाच हात धरली की काटकोन. पण त्याच्या हातानं पाच धरली की कोपरा फाकायचा, माझ्या हातानं धरली की मिटायचा. मी पुस्तकाकडे बघितलं, दोरीकडे बघितलं, मग त्याच्याकडे... तिथं तर आणखीच गोंधळ.

तो हसला. माझा हात आखूड, त्याचा लांब, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. हात कुणाचाही चालतो, फक्त तिन्ही बाजूंना तोच हवा, असं त्यानं समजावलं आणि मला एकदम उजेड पडला. मग रोज मी चहा घेऊन गेले की विटेवर कोळशानं काहीतरी लिहिलेलं असायचं. तीन-चार-पाच, सहा-आठ-दहा, पुढं रिकामी जागा. मी नऊ-बारा-पंधरा लिहायची. तो मान डोलवायचा — आकड्यांना की मला, देव जाणे.

काम संपलं आणि तो शिरूरला निघून गेला.

परीक्षेच्या आधी सराव म्हणून मी माझ्याच हातानं तीन-चार धरून नव्या स्वयंपाकघराचा कोपरा मोजला. तिरपी बाजू पाचाहून जास्त भरली. तीनदा मोजली, तरी तेच. एक कोपरा फाकलेला, म्हणून शेजारचा मिटलेला. मला गणित येत नाही, की त्याला बांधकाम? रडूच आलं.

पण पेपरात नऊ आणि बारा बाजू आल्या, आणि मी पंधरा लिहून मोकळी झाले. डिसेंबरात निकाल लागला. पास. त्याच आठवड्यात भांड्यांची मांडणी कोपऱ्यात बसेना, म्हणून आप्पांनी बन्सीला कार्ड टाकून बोलावून घेतलं.

"कोपरा चुकलाय तुमचा," मी म्हणाले.

"व्हय. त्या दिवशीच्या खुंट्या हलवल्याच न्हाईत, त्यांवरच भिंत उठवली. तीन तुमचे, चार माझे."

"मुद्दाम?"

"पास झाला तर तुम्ही शिकायला जाणार, नापास झाला तर सासरी. दोन्हीकडं मी न्हाईच. म्हटलं, भिंतीत तरी तुमचे-माझे हात एकत्र..."

मला तो आवडत होता, पहिल्या दिवसापासून, आणि हे मला आत्ता कळत होतं.

"मी शिकून येईपर्यंत थांबाल? दोन वर्षं?"

"थांबतो की," तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात आप्पा आत आले. भिंत कधी पाडतोस, म्हणून त्यांनी बन्सीला विचारलं. भिंत पाडायची नाही, कोपरा असाच राहू द्या, असं मीच सांगितलं.

आप्पा एकदा मांडणीकडे, एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. इतके दिवस गोंधळ माझा होता, आता त्यांची पाळी होती.