लोंगराला बांधलेला रुमाल

"माय वं!"

वसई गावच्या बाजारात भर सकाळी उन्नती अशी ओरडली, की शेजारची कोळीण हातातला कोयता तसाच धरून बघत राहिली.

ओरडण्यासारखं झालं तरी काय होतं? टोपली घेऊन बसलेल्या एका तरुणानं तिच्यापुढे बोटभर लांब, तपकिरी, सुरकुतलेलं काहीतरी धरलं आणि म्हणाला, "चव तर बघा." त्याच्या एका बाजूला सुके बोंबील, दुसऱ्या बाजूला सुकट. जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेल्या वाशीमच्या पोरीनं दुसरं काय समजायचं?

"मी… मी मासे नाही खात हो!"

"मासे?" तो हसला, आणि मग हसतच सुटला. "अहो मॅडम, केळं आहे हे! सुकेळी म्हणतात याला. राजेळी केळं सोलायचं आणि आठवडाभर उन्हात वाळवायचं. खा, खा. नाही आवडलं तर त्या मावशींचे बोंबील मी कच्चे खातो."

उन्नतीनं डोळे मिटून तुकडा तोंडात टाकला. डोळे उघडले तेव्हा ती पुन्हा "माय वं" म्हणाली, पण या वेळी अगदी हळू. इतकं गोड काही तिनं वसईत आल्यापासून चाखलंच नव्हतं.

"दोनदा झालं," तो बोटांवर मोजत म्हणाला. "तुमच्याकडे असंच म्हणतात का?"

वसईत येऊन तिला तीन आठवडे झाले होते. बँकेत अधिकारी म्हणून पहिलीच नेमणूक, आणि तीही घरापासून रात्रभराच्या प्रवासावर. बॅग उघडायच्या आधी तिनं कुठलं काम केलं असेल, तर वाशीमला बदलीचा अर्ज! इथलं सगळंच तिला धक्के देत होतं. माणिकपूरला ती राहायची त्या घराच्या मालकीणबाई, इनेझ आंटी, देवघरात येशूपुढे जास्वंदी वाहायच्या आणि उन्नतीच्या मराठीतल्या चुका काढायच्या. आणि तिकडून आई रोज फोनवर, "काय वं, एवढ्या दूर गेली, तिकडचं काही पाठवून नाही राहिली?"

"किलोभर द्या," ती म्हणाली. "आईला पार्सल करायची आहेत."

"नाही हो. ही उन्हाळ्यातली उरलेली, चाखायला आणलीत. नवी हवीत तर लोंगर धरून ठेवावा लागतो."

"लोंगर?"

"केळ्यांचा आख्खा घड. झाडावर असतानाच. निर्मळला आमची वाडी आहे, रविवारी या. कुणालाही विचारा, तेजसची वाडी."

तेवढ्यात परतीच्या पावसाची एक सर आली, आणि तेजसनं निळा प्लास्टिकचा कागद ओढून आधी टोपलीवर घातला.

"आधी सुकेळी, मग माणसं?" उन्नती भिजत म्हणाली.

"तुम्ही वाळाल हो. ती पुन्हा वाळायची नाहीत!" असं म्हणत त्यानं कागदाचं दुसरं टोक तिच्या डोक्यावर धरलं. सर थांबली तरी ते टोक खाली घ्यायचं दोघांनाही सुचलं नाही.

रविवारी ती गेली. तेजस वाडीच्या पार टोकाला गुडघाभर चिखलात उभा राहून पाट वळवत होता. तिथूनच ओरडला, "आवडेल त्या लोंगराला काहीतरी बांधा! की तो तुमचा!"

उन्नती दुकानात साडी निवडावी तशी हिंडली. हा बारका, तो वाकडा… विहिरीजवळच्या केळीला मात्र नुकताच लागलेला, भरदार, देखणा लोंगर होता. तिनं टाचा उंच करून आपला पिवळा हातरुमाल त्याच्या दांड्याला बांधला. रुमालाच्या कोपऱ्यात आईनं लाल दोऱ्यानं 'उ' काढला होता.

तेजस हात पुसत आला आणि जागच्या जागी थांबला. त्याचे कान लाल झाले.

"तुम्ही… हा बांधलात?"

"का? महाग आहे?"

"नाही, तसं नाही. हा खरं तर विकायचा—"

"आवडेल तो म्हणाला होतात. आता शब्द फिरवायचा नाही!"

त्यानं रुमालाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नाही फिरवत," तो म्हणाला. "राहू दे."

"तयार कधी होईल?"

"मार्गशीर्ष सरता सरता."

"तोवर माझी बदली नाही झाली म्हणजे मिळवली. अर्ज दिलाय ना मी, आल्या दिवशीच."

तेजस पुन्हा पाटाकडे वळला. जाताना मात्र त्यानं तिला दोन सोनचाफ्याची फुलं दिली, आणि बसमध्ये तिनं ती वीस वेळा हुंगली.

मग काय, दर रविवारी 'माझा लोंगर बघायला' म्हणून उन्नती निर्मळला. लोंगर एका आठवड्यात असा किती वाढणार? पण बघायला तर हवं! परतताना तेजस तिला बाजार दाखवायचा. अळू कुठलं खाजत नाही, वेणी कुणाकडची ताजी, सगळं सांगायचा. त्याची आई, सरलाताई, तेजसशी घरच्या बोलीत बोलायच्या. त्यातलं उन्नतीला ओ की ठो कळायचं नाही, आणि त्या बोलता बोलता तिच्याकडे बघून हसायच्या. एकदा त्यांनी तिचं गाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, भावंडं विचारली. वसईची माणसं किती अगत्याची, असं उन्नतीनं आईला फोनवर सांगितलं.

आणि कार्तिकात, शुक्रवारी संध्याकाळी, बँकेतून मेल आला. वाशीमची बदली मंजूर. सोमवारी पाच वाजेपर्यंत होकार किंवा नकार कळवा.

नाचायला हवं होतं तिनं. तिनं मेल तीनदा वाचला आणि जेवण न करता झोपली. "अगं, हवी होती ना तुला?" इनेझ आंटींनी विचारलं. हवी होती हो, हवीच होती! मग होकार अजून पाठवला का नव्हता?

रविवारी निर्मळची जत्रा होती. तेजसला कसं सांगायचं, हे घोकतच उन्नती गेली. वाटेत सरलाताईंनी तिला पकडलं आणि थेट बांगड्यांच्या दुकानापुढे बसवलं. "हात दे पाहू."

"अहो काकू, मला बांगड्या नकोत, मी—"

कासारीण तिच्या हातात एकेक हिरवी बांगडी सरकवू लागली. "सून वाटतं?"

"होणारी," सरलाताई अगदी सहज म्हणाल्या. "विहिरीजवळच्या केळीला रुमाल बांधलाय हिनं."

"माय वं!"

दोन बांगड्या फुटल्या.

"अगं, घाबरतेस काय?" सरलाताईंनाच आता धक्का बसला. "ती केळ घरच्या कार्याची. तिचा लोंगर आम्ही विकत नाही. सून ठरली की ती येऊन फडकं बांधते, आणि त्याच लोंगराची केळी साखरपुड्याला वाटतात. मी बांधलं, माझ्या सासूनं बांधलं. तेजसनं सांगितलं नाही तुला?"

उन्नती जी उठली ती तडक वाडीत. तेजस विहिरीजवळच होता, लोंगराच्या भारानं केळ झुकली म्हणून तिला बांबूचा टेकू देत होता.

"सगळ्या निर्मळला माहीत, आणि मलाच नाही?" ती लांबूनच ओरडली. "दोन महिने लोक माझ्याकडे बघून हसत होते, आणि मी त्यांना नमस्कार करत होते! तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत!"

"चुकलं माझं." त्याच्या हातातला बांबू खाली पडला. "त्याच दिवशी सांगणार होतो. पण तुम्ही बदलीचं बोललात. जाणाऱ्या माणसाला काय सांगायचं? आणि रुमाल सोडायला रोज यायचो, उन्नती… रोज. सोडवेना."

तो तिचं नाव पहिल्यांदाच घेत होता. मॅडम नाही, नुसतं उन्नती.

"का सोडवेना?"

"आता तेही मीच सांगू?"

"तुम्हीच सांगा. एवढं लपवलंत ना?"

"आवडतेस मला. बोंबील समजून ओरडलीस ना, तेव्हापासून." तो मान खाली घालून म्हणाला. "पण तू नकळत बांधलास तो. त्याला मी होकार समजणार नाही. सोड तू, मी आईला समजावतो."

"आलीय बदली," ती म्हणाली. "उद्या पाचपर्यंत कळवायचंय."

तेजसचा चेहरा असा उतरला, की तिलाच कसंतरी झालं. बाजूला सरून त्यानं तिला वाट करून दिली.

उन्नती केळीजवळ गेली. लोंगर आता चांगला फुगला होता. पिवळा रुमाल उन्हावाऱ्यानं विटला होता, गाठ सैल होऊन नुसती लोंबत होती. एक बोट लावलं असतं तरी सुटली असती. तिनं टाचा उंच केल्या, गाठ सोडली… आणि दातांत एक टोक धरून पुन्हा बांधली. एक गाठ, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी.

"या वेळी कळून बांधलाय," ती मागे न बघता म्हणाली. "आता कुणाच्या बापाला सुटणार नाही."

तेजस हसत केळीच्या बुंध्याशी बसला. ती त्याच्या शेजारी बसली आणि तिथंच फोन काढून तिनं बँकेला नकार पाठवून दिला. तेवढ्यात फोन वाजला. आई.

"काय वं, ते सुकलेल्या केळ्याचं पार्सल कधी पाठवून राहिली?"

"सुकेळी नाही येणार आई. त्या लोंगराचं दुसरंच ठरलं." उन्नतीनं एक खोल श्वास घेतला. "आख्खा लोंगरच येऊन राहिला वाशीमला. पण कुरियरनं नाही. मुलाची आई घेऊन येऊन राहिली. आणि मुलगा."

पलीकडे कसलंतरी भांडं खाली पडल्याचा आवाज आला. मग वाडीच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात आई ओरडली, "माय वं!"

तेजसनं उन्नतीच्या हातातल्या उरलेल्या दोन हिरव्या बांगड्यांवरून हळूच बोट फिरवलं.

"अच्छा," तो म्हणाला, "म्हणजे हे 'माय वं' तुझ्या आईकडून आलंय होय!"