एमरिसने अडवलेला चौक

एमरिस पहिल्यांदा दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात ओली छत्री होती आणि चेहऱ्यावर कमालीचा संकोच. तो तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्याच्या हातात चहाचा कप दिला.

"सायकल येते?"

"येते... पण मी खरं तर—"

"मग बसा. तुम्हाला एक चौक देते."

आमच्याकडे असंच चालतं. दक्षिण लंडनमधल्या एका चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही सायकलवाले दर मंगळवारी जमायचो. पगार कुणालाच नाही आणि माणसं कायम कमी, त्यामुळे जो दार उघडेल त्याला बोलायच्या आत कामाला जुंपायचं, ही आमची जुनी खोड. मागे एकदा हीटर दुरुस्त करायला आलेला माणूस आता आमचं प्रथमोपचाराचं पथक सांभाळतो.

जूनमधल्या एका शनिवारी शेकडो सायकली शहरातून निघणार होत्या. मध्येच गाड्या घुसू नयेत म्हणून प्रत्येक आडरस्त्याच्या तोंडाशी एकेक जण सायकल आडवी लावून उभा राहतो, आणि शेवटचा स्वार पुढे जाईपर्यंत जागचा हलत नाही. त्याला आम्ही 'बूच' म्हणतो. एमरिसच्या वाट्याला पुलाच्या दक्षिण टोकाचा चौक आला.

तो माझा चौक. दोन वर्षांपूर्वी तिथे डावीकडे वळणाऱ्या एका ट्रकने मला उडवलं होतं. पाय मोडला, जुळलाही. ड्रायव्हर पोलिसांना म्हणाला, ती मला दिसलीच नाही. खोटं बोलत नव्हता बिचारा, आणि तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून मी त्या चौकातून सायकल नेलेली नव्हती. खरं सांगायचं तर सायकल दारामागेच उभी होती आणि मी लांबच्या वाटेने जाणाऱ्या बसने कामाला जायचे. यंदा मात्र हट्टाने मार्ग त्याच चौकातून आखून घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, मी जाणार. नाही जमलं, तर सायकल कुणाला तरी देऊन टाकायची आणि हा विषय कायमचा बंद करायचा, हे फक्त मनाशी ठरवलं होतं.

एमरिस वेल्समधल्या एका लहानशा गावचा. कवळ्या बनवायचा. समोरचा माणूस बोलायला लागला की याचं लक्ष आधी त्याच्या दातांकडे जायचं, आणि मग कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. बैठक संपली की आम्ही दोघं व्हिनेगर शिंपडलेले बटाट्याचे चिप्स खात बसथांब्यापर्यंत चालायचो. चालता चालता मी त्याला ट्रकचं सगळं सांगून टाकलं. त्याने हळहळ व्यक्त केली नाही. पुढच्या रविवारी चौकात जाऊन सराव करू, एवढंच म्हणाला.

सराव म्हणजे काय, तर हा सायकल आडवी लावून उभा राहिला आणि बाजाराची ढकलगाडी घेऊन निघालेल्या एका आजीने त्याला यथेच्छ झापलं. तो चार वेळा माफी मागून बाजूला झाला.

"असा माफ्या मागत बसलास तर माझं कल्याणच आहे," मी फुटपाथवरून म्हटलं.

"आजी होती. ट्रकला नाही सोडणार."

"नक्की?"

"तू मागून येत असशील तर... नक्की."

त्या दिवसानंतर मंगळवारची वाट पाहणं जरा अवघड होऊन बसलं.

मग शेवटची बैठक आली. विनी, आमची सत्तरीतली म्होरकी, जन्मभर भूगोल शिकवलेली. ती शेवटच्या सूचना देत होती. उन्हाचं मलम सगळीकडे लावा, म्हणजे सगळीकडे. आणि सीटवर टॉवेल घालायला विसरू नका.

"सीटवर टॉवेल कशाला?" एमरिसने विचारलं.

सगळे हसले. मीही हसले. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

"तुला कुणी सांगितलंच नाही का?" विनी म्हणाली. "अरे, आपण कपडे काढून जातो."

इतके महिने आम्ही त्याबद्दल एकदाही बोललो नव्हतो. पोहायला निघालेला माणूस ओला होणार, हे कुणी वेगळं सांगतं का? गाड्यांपुढे सायकलवाल्याचं अंग किती उघडं असतं, हे दाखवायला आम्ही दरवर्षी उघड्या अंगाने निघतो. आम्हाला ते इतकं सवयीचं झालंय, की साऱ्या जगाला ठाऊक असणार असं आम्ही धरूनच चालतो.

मी त्याच्या मागोमाग पायरीवर गेले. तो छत्री उघडत होता. पाऊस नव्हता.

"आणखी एक सांगतो," तो म्हणाला. "मी इथे यायला निघालोच नव्हतो. वरच्या मजल्यावर गाण्याचं मंडळ आहे, तिथे नाव घालायचं होतं. दार चुकलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू चहा दिलास. आणि नंतर... नकाशावरच्या त्या चौकावर बोट आपटून तू सगळ्यांशी भांडत होतीस. मला उठावंसं वाटेना."

त्याने छत्री पुन्हा मिटली.

"आमच्या घरी समुद्रावर गेलं तरी मोजे काढत नाहीत, ब्रायनी."

"कपडे घालूनही चालतं. कुणी किती काढायचे, हे ज्याचं त्याने ठरवायचं."

"मला विचार करू दे," तो म्हणाला आणि गेला.

नंतर त्याचा निरोप नाही, काही नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर भिडेपोटी हो म्हणाला असता, आणि भिडेपोटी आलेला एमरिस मला नको होता. रात्री अंथरुणात पडल्यावर कळलं, की चौकाची भीती होती तेवढीच आहे. तो येणार नाही ही भीती मात्र तिच्याहून मोठी झालीय.

शनिवारी ऊन होतं आणि वारा बोचरा. निघण्याआधी बागेत विनीने माझी पाठ निळ्या रंगाने रंगवून दिली. बाकी मी काय घातलं होतं ते विचारू नका. बूच लोक आधीच पुढे गेले होते, त्यामुळे तो आलाय की नाही ते कळेना. घंट्या वाजवत, गाणी लावत सगळे निघाले. बसच्या वरच्या मजल्यावरून पर्यटक हात हलवत होते. मी निघाले पहिल्या रांगेत... आणि हळूहळू मागे पडत, पुलाच्या उतारावर आले तेव्हा अगदी शेवटी होते. माझ्या पुढचे सगळे स्वार चौक ओलांडून गेले. माझा पाय आपोआप जमिनीवर टेकला.

तो होता. सायकल आडवी लावून, डोक्यावर हेल्मेट, पायात बूट, दंडावर नारिंगी पट्टी. बस्स, एवढंच. त्याच्या पुढ्यात काँक्रीटचा एक अवाढव्य ट्रक घुरघुरत उभा होता आणि एमरिस ड्रायव्हरला अदबीने समजावत होता, शेवटच्या एक बाई यायच्यात म्हणून. मग वळून त्याने मला पाहिलं.

"सावकाश ये," तो ओरडला. "मला काही घाई नाही. थोडी थंडी वाजतेय, एवढंच."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

मी पॅडलवर पाय ठेवला. चौक तसा लहानच होता. माझ्या डोक्यात तो एवढा मोठा का झाला होता, कोण जाणे. पलीकडे पोचले तेव्हा मी हसत होते की रडत होते ते माझं मलाच समजेना. इतकं हलकं मला दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

एमरिस ट्रकला वाट देऊन माझ्याजवळ आला. कानांच्या पाळ्या लालबुंद. नजर काटेकोरपणे माझ्या डोळ्यांवर.

"मला वाटलं, तू येणार नाहीस," मी म्हटलं.

"मलाही तसंच वाटत होतं. मग वाटलं, तू इथवर येशील आणि चौकात दुसराच कुणी उभा असेल... ते मला सहन झालं नसतं."

"एमरिस, माझं प्रेम आहे तुझ्यावर."

त्याने दंडावरची नारिंगी पट्टी उगाच सारखी केली.

"हेच... कपडे घातल्यावर पुन्हा सांगशील?"

संध्याकाळी आम्ही अंगभर स्वेटर घालून परत निघालो. चौकात आता नेहमीची रहदारी होती. बस, टॅक्सी, ट्रक... अडवायला कुणीच नव्हतं. उतरून चालत जायचं का, एमरिसने विचारलं. मी नकारार्थी मान हलवली, डावीकडे वळणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवली आणि पॅडल मारलं. तो शेजारी होता. बरोबर मधोमध पोचल्यावर मी त्याला ते पुन्हा सांगितलं.