फुगा बसेपर्यंत

दुधावरचं झाकण खडखडलं, तेव्हा मी सासूबाईंच्या फाईलवरचं डॉक्टरांचं नाव दुसऱ्यांदा वाचत होते. राजकुमार... तेच.

सात वर्षांपूर्वी मी देऊळगाव राजाहून रोज जालन्याला प्रयोगशाळेत नोकरीला जायची. पहिल्याच दिवशी जिन्यात ते धडकले — हातात डबा, त्यात बद्रुद्दीनचाचांच्या मटणाच्या दुकानातून आणलेली बकऱ्याची जठरं, बर्फात.

“नवीन मदतनीस तुम्हीच ना? पळून नका जाऊ.”

“पळून कुठी जाऊ? बस पाचले हाये.”

पोटातली गाठ दुर्बिणीतून काढायची, तर आधी अस्तराखाली द्रव टोचून फुगा आणतात. फुगा जितका टिकेल, तितकं कापणं बिनधोक. कोणत्या द्रवाचा फुगा जास्त टिकतो, तेच आम्ही त्या जठरांवर घड्याळ लावून बघायचो. मिठाचं पाणी पाच मिनिटांत बसायचं.

“तुमच्या रागासारखं,” ते म्हणायचे.

“अन् तुमच्या धीरासारखं.”

हसण्यात दोन नोंदी चुकल्या. मग मीच नियम केला — घड्याळ चालू असताना कोणी बोलायचं नाही.

शेवटी घट्ट जेलची पाळी आली. फुगा उतरेचना. विसाव्या मिनिटाला ते हळूच म्हणाले, “सुचिता... माझ्याशी लग्न करशील?”

मी मान वर केली नाही. फुगा बसला की ‘हो’ म्हणायचं, असं मनात ठरवून काट्याकडे बघत राहिले. पस्तिसाव्या मिनिटाला ते उठले. “समजलो,” म्हणाले आणि गेले. फुगा बसला तशी मी एक्केचाळीस मिनिटं लिहून धावत बाहेर आले, तर गाडी नव्हती.

रात्रभर ठरवून सकाळी फोन हातात घेतला, तोच बाबा शेतातून आले. ओंजळीतली बीटी कापसाची बोंडं फोडून दाखवली, प्रत्येकात गुलाबी अळी. “पुढच्या सालाचा भरोसा नाही. तुझं लग्न आताच उरकू,” म्हणाले. मी फोन खाली ठेवला.

आठवड्यानं सासूबाईंच्या पोटातली गाठ काढून ते बाहेर आले. “नीट निघाली. जेलच वापरलं... तुमच्या आकड्यांवर.”

“त्या दिवशी,” मी म्हटलं, “घड्याळ चालू होतं.”

त्यांनी विचारलं, “एवढंच?”

“एवढंच.”

त्यांनी चष्मा काढला, पुसत राहिले. लेकीनं माझा पदर ओढला.

“आई, हे आपले कोण लागतेत?”