सातव्या मजल्याचा घसा

लिफ्टचं दार मिटता मिटता फटीत आधी एक पाय शिरला, मग एक बॅग, आणि मग पाठोपाठ उरलेला माणूस.

"दरवाजे बंद होत आहेत. कृपया दारापासून दूर उभे राहा," लिफ्ट म्हणाली.

"हो हो, राहिलो," तो धापा टाकत म्हणाला. "सॉरी हं. माझ्यामुळे तुम्हाला दोनदा बोलावं लागलं."

लिफ्टमध्ये त्याच्याशिवाय एकच जण होती. ती कोपऱ्यात उभी होती. गळ्याला मफलर, नाक लाल, आणि छातीशी चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर. तिनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं तिच्याकडे बघितलं.

"तुम्हाला नाही म्हणालो," त्यानं घाईघाईनं खुलासा केला. "तिला म्हणालो. लिफ्टला."

हा खुलासा तिला जरा लागलाच. कारण लिफ्टमधला आवाज तिचाच होता.

तिचा धंदाच तो होता. लिफ्ट, बँकांचे फोन, पार्किंगची फाटकं – जिथे जिथे माणूस नको पण माणसाचा आवाज हवा, तिथे ती बोलायची. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य तिनं इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की एवढ्या शिव्या खाऊनही ती जिवंत कशी, याचं तिच्या आत्याला नवल वाटायचं. इमारतीत मात्र हे कोणाला ठाऊक नव्हतं. नाहीतर लिफ्ट अडकली की लोक तिच्याच दाराची बेल वाजवत बसले असते.

आणि आज तर ती बोलली असती तरी कोणाचा विश्वास बसला नसता. घसा साफ बसला होता. तोंड उघडलं की लोखंडी कपाट फरशीवरून ओढल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टरांनी पूर्ण मौन सांगितलं होतं. आत्या तिला लहानपणापासून 'चिमणी' म्हणायची. दोन दिवस झाले, हाक मारताना तिलाच हसू फुटत होतं.

"काय झालं याला?" त्यानं चादरीकडे बघत विचारलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात लोक बोलतात, तशा हलक्या आवाजात.

"अपडेट," ती खरखरली.

"अरेरे..." त्यानं डोळे मिटून घेतले. "कधी?"

"सकाळी. मी गुळण्या करायला उठले होते."

"शेवटचं काय म्हणाला?"

"'कृपया थांबा, थोडंसंच राहिलंय.' मग निळा पडला. आता चालू केला की ठिपके गोल गोल फिरतात, निळा पडतो, की पुन्हा पहिल्यापासून."

"द्या इकडे."

"तुम्ही कोण?"

यावर तो वळला आणि पाठ दाखवून उभा राहिला. शर्टावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं – कॉम्प्युटर दुरुस्ती, घरपोच. "खिशावर छापायला सांगितलं होतं," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "छापणाऱ्यानं मनाचा मोठेपणा दाखवला. तेव्हापासून ओळख करून द्यायची म्हणजे लोकांकडे पाठ फिरवावी लागते."

तिला हसू आलं. त्या हसण्याचाही आवाज कपाटाचाच निघाला.

लिफ्ट तळाला गेली आणि दोघांना घेऊन परत वर निघाली. वाटेत तो म्हणाला, "ही बाई मला फार आवडते."

"कोण?"

"ही." त्यानं छतातल्या जाळीकडे मान केली. "दिवसभर लोक माझ्यावर खेकसत असतात. हे काय केलंत, ते का गेलं, काल तर चालत होतं. ही एकटी मला 'कृपया' म्हणते. दोन वर्षं येतोय मी या इमारतीत, एकदाही वैतागली नाही माझ्यावर. काय आवाज आहे हो... असं वाटतं, हिला सर्दीसुद्धा होत नसेल."

ती शिंकली.

बस्स, त्याच क्षणी तिनं ठरवून टाकलं की याला काही सांगायचं नाही. एखाद्या बाईला सवत असणं समजू शकतं. पण ती सवत आपणच, आणि तिचा आवाज आपल्यापेक्षा बरा... हे दुःख कोणाजवळ उगाळायचं?

दार आत्यानं उघडलं. तिनं कॉम्प्युटर बघितला, मग तो ज्याच्या हातात होता त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"अगं, द्यायला म्हणून गेलीस, आणि घेऊन काय आलीस?"

"दुरुस्त करतात हे. लिफ्टमध्ये भेटले."

"बोलू नकोस! मान हलव नुसती."

तो वळून पाठ दाखवणार तेवढ्यात तिनं त्याला आतल्या खोलीत ढकललं. मग त्याच्या पुढे धावत जाऊन मायक्रोफोनवर आत्याची शाल टाकली. खोलीच्या चारी भिंतींना गोधड्या लटकत होत्या, आवाज घुमू नये म्हणून. त्यानं गोलाकार नजर फिरवली.

"थंडी फार वाजते का तुम्हाला?"

"हो."

"भिंतींनाही?"

तिनं मान हलवली. मौनाचा हा एक फायदा असतो, खोटं बोलायला कमी शब्द लागतात.

त्यानं वायरी जोडल्या, बटण दाबलं. ठिपके फिरले, पडदा निळा झाला. त्यानं कळफलकावर हात ठेवला – लांब, शांत बोटं, नाडी बघत असल्यासारखी – आणि ती उगाचच त्या बोटांकडे बघत राहिली.

"आत काय आहे?" त्यानं विचारलं.

"कामाच्या फायली. आज संध्याकाळी सहापर्यंत पाठवायच्यात. गेल्या तर..." ती थांबली. गेल्या तर परत करता येणार नव्हत्या. नव्या हॉस्पिटलच्या लिफ्टसाठी तिनं घसा बसायच्या आधी बारा मजले बोलून ठेवले होते. उद्या लिफ्ट सुरू व्हायची होती. लिफ्ट कंपनीच्या मॅनेजरनी कालच फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, की फायली आल्या नाहीत तर म्हणून मशीननं बनवलेला आवाज त्यांनी तयार ठेवलाय. तो आजारी पडत नाही. तो एकदा या लिफ्टमध्ये बसला की पुढच्या सगळ्या लिफ्टना तोच. "...गेल्या तर माझं काम जाईल," ती म्हणाली.

तो हसला नाही. खुर्ची पुढे ओढून बसला. "बॅकअप?"

"आहे ना."

"कुठे?"

"याच्यातच. दुसऱ्या फोल्डरमध्ये."

त्यानं कळफलकावरचे हात उचलले. "म्हणजे घराला आग लागली तर बाहेर पळायचं म्हणून तुम्ही स्वयंपाकघरातून हॉलमध्ये जाणार."

"दुरुस्त करताय की टोमणे मारताय?"

"दोन्ही जमतं मला. घरपोच."

मग त्यानं कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये चालू केला. "म्हणजे आजारी माणसाला नुसत्या पाण्यावर ठेवतात ना, तसं," त्यानं समजावलं. "रंग नाही, इंटरनेट नाही, आवाज नाही. फक्त श्वास घे म्हणायचं." पडदा उजळला, मोठी बेढब अक्षरं आली, आणि तिचा इतका वेळ अडकलेला श्वास सुटला. तिनं त्याचा दंड धरला होता, हे तिला सोडताना कळलं. त्याला आधीच कळलं असावं. कारण मधल्या वेळात त्यानं तो हात अजिबात हलवला नव्हता. सगळं एका हातानं टाइप केलं होतं.

"सापडला," तो थोड्या वेळानं म्हणाला. "तुमचं साउंड कार्ड जुनं. ते चालवणारा प्रोग्रॅम त्याहून जुना. नवा साहेब आला, जुन्या शिपायानं ओळख दिली नाही, साहेबानं ऑफिसच बंद केलं. शिपायाला घरी पाठवावं लागेल. कॉम्प्युटर चालू होईल, पण मुका. नवा प्रोग्रॅम मिळेपर्यंत आवाज बंद."

"डॉक्टरांनी मलाही हेच सांगितलंय."

"मग ऐका की त्यांचं! सकाळपासून भांडताय माझ्याशी."

"तुम्ही भांडायला लावताय."

"मी? ती बघा लिफ्टमधली, कशी शांत..."

"लिफ्टमधलीचं कौतुक पुरे!" तिचा आवाज मध्येच फाटला आणि उरलेलं वाक्य नुसती हवा होऊन बाहेर पडलं.

त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ. मग पुन्हा पडद्याकडे वळला. बाहेर भुरभुर लागली होती. गोधड्यांमुळे पावसाचा आवाज आत येत नव्हता, फक्त खिडकीच्या काचेवरून थेंब धावताना दिसत होते... आणि काचेत त्याचं हसू.

कॉम्प्युटर चालू झाला. नीट, रंगीत, मुकाट. फोल्डर उघडलं. बारा फायली रांगेत उभ्या. त्यातली एक, सातव्या मजल्याची, नुसती नावालाच होती, आत काही नाही. अपडेट आलं तेव्हा तीच उघडी राहिली होती, आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये नेमकी तीच टाकायची राहून गेली होती.

"बाकीच्या धड आहेत का बघू," असं म्हणत त्यानं त्या आपल्या फोनमध्ये घेतल्या आणि पहिली लावली. ती 'नको' म्हणायला गेली. नेमका तेव्हा घशानं दगा दिला.

"पहिला मजला," फोन म्हणाला, मधासारख्या आवाजात. "नोंदणी आणि चौकशी."

"थँक्यू हं," तो सवयीनं म्हणाला.

मग त्यानं फोनकडे बघितलं. गोधड्यांकडे बघितलं. शालीखालून डोकावणाऱ्या मायक्रोफोनकडे बघितलं. सगळ्यात शेवटी तिच्याकडे. त्याचे कान आधी गुलाबी झाले, मग तांबडे. अपडेट होत असल्यासारखे, हळूहळू.

"म्हणजे मी सकाळी जे... 'फार आवडते' वगैरे..."

तिनं मान हलवली.

"आणि सर्दीचं..."

तिनं पुन्हा मान हलवली.

"मी जिन्यानं जातो," तो उठत म्हणाला. "कायमचा."

"बसा! सातवा मजला राहिलाय."

सातवा मजला खरंच राहिला होता. साडेपाच होत आले होते. त्यानं आधी जोडकाम करून बघितलं. 'मजला' सहाव्यातून उचलता आला, पण 'सातवा' कुठून आणणार? मग तो स्वतः बोलून बघायला तयार झाला. खाकरला, छाती फुगवली आणि गरजला, "सातवाऽऽ मजलाऽऽ!"

"लोक उतरायचे सोडून तिकीट मागतील," आत्या दारातून म्हणाली. ती गरम पाणी घेऊन आली होती आणि किती वेळ उभी होती, कोण जाणे. "चिमणे, तूच बोल की. काम तुझं आहे ना? असा तर असा. गप्प राहून काही पाठवलंच नाहीस तर ते मशीन आहेच टपून बसलेलं."

"आत्या, ऐकलास ना माझा आवाज?"

"मी ऐकलाय," तो म्हणाला. "दिवसभर ऐकतोय. मला तरी प्रत्येक शब्द कळला."

त्यानं फोन तिच्यासमोर धरला. तिनं कागद बघितला, डोळे मिटले आणि शक्य तितक्या गोडीनं ते लोखंडी कपाट फरशीवरून ओढलं –

"सातवा मजला. कान, नाक आणि घसा विभाग."

 तिघांनी एकमेकांकडे बघितलं. दाबलेल्या हसण्यानं आत्याच्या हातातलं पाणी हिंदकळायला लागलं.

बाराच्या बारा मजले वेळेत गेले. पाचच मिनिटांत मॅनेजरचा फोन आला. तो आत्यानं घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"अहो, सातव्याला काय झालंय?"

"ती कल्पना आहे," आत्या ठामपणे म्हणाली.

 चिमणीनं नकळत त्याचा दंड पुन्हा धरला. मग फोनमधून एक फिसकन आवाज आला, आणि त्यामागून मॅनेजर पोट धरून हसले. "मशीनला हे सात जन्मात सुचलं नसतं! ठेवतो हाच. पुढच्या लिफ्टचं पुढच्या आठवड्यात बोलू. फक्त बाईंना सांगा, बाकीच्या मजल्यांवर काही कल्पना सुचू देऊ नका. पाचव्यावर पोटाचा विभाग आहे."

आत्या हसत हसत स्वयंपाकघरात निघून गेली, आणि जाताना दार अर्धं ओढून घेतलं.

तो हत्यारं बॅगेत भरू लागला. फारच सावकाश. एक स्क्रू ड्रायव्हर तर त्यानं आत ठेवून परत बाहेर काढला आणि पुन्हा ठेवला.

"घसा बरा होईल ना लवकर?" त्यानं विचारलं.

"होईल. मग तुम्हाला तुमची लिफ्टवाली परत मिळेल." ते तिला विनोदानं म्हणायचं होतं. विनोद वाटेतच कुठेतरी उतरून गेला.

तो थांबला. "एक सांगू? दोन वर्षं मी तिच्याशी बोलतोय. सॉरी म्हणालो, थँक्यू म्हणालो, एकदा तर एका गिऱ्हाईकाची चुगलीसुद्धा केली. तिनं एकदा तरी उलट उत्तर द्यावं? नाही. आणि तुम्ही... डॉक्टरांनी बंदी घातलीये, तरी सकाळपासून मला एक वाक्य धड पूर्ण करू दिलेलं नाही." त्याचे कान पुन्हा हळूहळू तांबडे होऊ लागले. "मला वाटतं, मला आवाज नको होता. मला... उत्तर हवं होतं."

तिला बरंच काही बोलायचं होतं. तोंड उघडलं, तर नुसती हवा आली.

"नको, नको, बोलू नका," तो घाबरून म्हणाला. "आणखी बिघडेल. मी विचारतो, तुम्ही फक्त मान हलवा. साउंड कार्डाचा नवा प्रोग्रॅम मिळायला वेळ लागेल. त्याच्यासाठी यावंच लागेल मला, ते वेगळं. पण उद्या... तसं काही कामच नसताना... मी उगाच, असाच आलो तर..."

मान हलवली असती तरी चाललं असतं. डॉक्टरांचंही तेच म्हणणं होतं.

"ये," ती म्हणाली. अर्धा शब्द खरखर, अर्धा श्वास. आणि दिवसभराचा उरलासुरला घसा गोळा करून तिनं पुढचंही बजावलं, "आणि जेवून येऊ नकोस."