मेंदूच्या तळाशी अनपेक्षित ठेव

"डोक्यात काय सापडलं म्हणता?" पल्लवी आत्राम खुर्चीतून उठलीच. "मॅडम, माझी तर पाठ दुखत होती!"

चंद्रपूरच्या त्या रुग्णालयातलं शरीराच्या आतलं टिपणारं चुंबकीय यंत्र एकाच फेरीत माकडहाडापासून कवटीपर्यंत सगळं चितारायचं, आणि त्याला जोडलेला प्रतिमावाचक संगणक लगेच अहवाल हातात द्यायचा. चित्रं उघडून बघायची डॉक्टरांची सवय केव्हाच मोडली होती. बघायचं कशाला? वाचक कधी चुकला होता का!

डॉ. सुमेधा खोब्रागडे यांनी अहवाल पुन्हा वाचला. "मणके छान आहेत. पण मेंदूच्या तळाशी, पीयूषिका ग्रंथीच्या मागे, अनपेक्षित ठेव, म्हणजे काहीतरी साठलेलं. याला आनुषंगिक निष्कर्ष म्हणतात. शोधायला गेलो एक, सापडलं भलतंच. बहुतेकदा त्याचा त्रास नसतो."

"मग तसं लिहून द्या ना! सोमवारी भारोत्तोलनाचं राष्ट्रीय शिबिर आहे. डोक्यात काही निघालं तर वजनाला हात लावू देत नाहीत तिथे."

"खात्री झाल्याशिवाय कसं लिहू, बाळा?"

पल्लवीने डोळे बारीक केले. "परवा आमच्या सरांची कंबर तपासली ना तुम्ही? त्यांच्याही डोक्यात हेच. शब्दन् शब्द हेच! गुरुशिष्य परंपरा मान्य आहे मॅडम, पण गाठीसुद्धा सारख्याच?"

डॉक्टर हसल्या. मग हसू थांबलं. त्यांनी आठवड्याचे अहवाल पडद्यावर ओढले. प्रत्येकात ठेव. प्रत्येकात!

यंत्र सांभाळणाऱ्या झुबेर शेखला त्यांनी आत बोलावलं. "शेख, तुमच्या कंपनीने गुपचूप काही बदललंय का? प्रत्येकाला गाठ, म्हणजे प्रत्येकाची दुसरी तपासणी. धंदा झकास!"

"माझ्यावर संशय? मॅडम, माझ्या सासूबाईंच्याही डोक्यात ठेव निघाली. मी काय मिठाई वाटली?"

"मग अनपेक्षित काय ते यंत्र ठरवतं कसं?"

"त्याच्याजवळ निरोगी माणसाचा एक नमुना असतो. त्याच्याहून वेगळं दिसेल ते अनपेक्षित."

"चित्र दाखवा मला. अहवाल नको, चित्र!"

पडद्यावर पल्लवीचा मेंदू उघडला. ग्रंथीच्या मागच्या कडेला एक उजळ ठिपका होता. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, हा तर असायलाच हवा! शरीरातलं पाणी राखणारा रस इथे साठतो, म्हणून उजळ दिसतो. यात अनपेक्षित काय?"

"म्हणजे मी ठीक आहे?" पल्लवीने टेबलावर थाप मारली. "खोटारडं यंत्र!"

"खोटारडं नाही," झुबेर हळू म्हणाला. "नमुन्यात हा ठिपका नसणार. मॅडम, रोज सकाळी यंत्राची चाचणी घेताना आत काय ठेवता?"

"पाण्याचा गोळा. म्हणजे, तो आठवड्यापूर्वी फुटला. नवा येईपर्यंत मीच झोपते आत."

"तुम्ही? अहो, गोळा ठेवला की यंत्र फक्त चुंबक जुळवतं. माणूस ठेवला की त्यालाच निरोगी धरून नमुना बदलतं!"

डॉक्टरांनी पल्लवीचं प्रमाणपत्र लिहिलं, सही केली आणि तिच्या हातात दिलं. ती मात्र जागची हलली नाही.

"तो रस नसेल तर अंगात पाणी टिकत नसणार. फार तहान लागते का हो तुम्हाला?" झुबेरने डॉक्टरांना विचारलं.

"चंद्रपूरच्या मे महिन्यात कोणाला लागत नाही?" आवाज ठाम होता, पण त्यांनी कानातल्या कुड्या काढल्या आणि मुकाट्याने यंत्रात जाऊन झोपल्या.

थोड्या वेळाने अहवाल आला. आठवड्यातला पहिला स्वच्छ अहवाल.

'अनपेक्षित काहीही नाही. संपूर्ण निरोगी.'

"चित्र उघडा," आतून डॉक्टर म्हणाल्या.

झुबेरने उघडलं. पल्लवीने आपलं चित्र शेजारी लावून ग्रंथीच्या मागे बोट टेकवलं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमच्यात इथे सगळं काळंच आहे."