चला, गाडीत जागा आहे

आधीच हात जोडतो. मी शाळा सातवीत सोडली. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातून चुकतं आणि भारी शब्द मला येत नाहीत. शाबान उस्तानं, म्हणजे आमच्यातल्या जुन्या उस्ताद गाडीवाल्यानं, ही गोष्ट ज्या साध्या शब्दांत सांगितली त्याच शब्दांत लिहितोय, तेवढं सांभाळून घ्या.

तुर्कस्तानातल्या कुशादासीच्या बंदरामागं आम्हा गाडीवाल्यांची एक पत्र्याची खोली आहे. शेगडी, चहाची किटली आणि चार बाकडी, एवढंच तिथलं सामान. उस्तानं हे सांगितलं त्या रात्री लोदोस सुटला होता. हा दक्षिणेचा वारा सुटला की डोकं धरतं आणि दिवे जातात. दिवे गेलेच होते. आमच्यातल्या तरण्या तैफूननं अंधारातच तिळाची कडक पोळी मोडली आणि सवयीनं सगळ्यांना म्हणाला, "या."

आपल्याकडं हे असंच आहे. खाताना समोर कुणी असला की "या" म्हणायचं, त्यानं "होऊ दे" म्हणायचं. खरंच येऊन बसत कुणी नाही.

शाबान उस्ता "होऊ दे" म्हणाला नाही. शेगडीतले निखारे हलवत म्हणाला, "पोरा, 'या' म्हणायच्या आधी समोर कोण आहे ते बघत जा."

"उस्ता, समोर तू आहेस. भुतापेक्षा काय कमी आहेस?"

सगळे हसले. उस्ता हसला नाही.

"इल्हामीला ओळखता ना?"

इल्हामीला कोण ओळखत नाही? चांगला गाईड, चार भाषा येतात. पण आता तो फक्त शाळेच्या सहली नेतो आणि ऊन कललं की घरी जातो. बोटीवरच्या पाहुण्यांचं काम त्यानं सोडलं. का सोडलं, ते उस्तानं त्या रात्री सांगितलं. त्या फेरीला गाडी उस्ताच चालवत होता.

सत्तावीस नोव्हेंबर, बुधवार. हंगामातली शेवटची बोट. आकाशात चंद्र नव्हता.

बोटीवरून उस्ताच्या गाडीला एकच पाहुणी आली, नॉर्वेची मार्गिट नावाची म्हातारी, एफेसचं जुनं पडकं शहर बघायला निघालेली. हातात काठी, अंगावर राखाडी शाल, गळ्यात बोटीचं कार्ड. तिचा नवरा आर्ने वर बोटीवरच्या खोलीतच होता. त्याला आता चालता येत नव्हतं आणि दिसतही फार कमी होतं. जन्मभर त्यानं बंदरं बांधली होती.

"त्यानं सांगितलंय," ती गाडीत बसता बसता इल्हामीला म्हणाली, "देवळं नको, पुतळे नको. तिथलं जुनं बंदर बघून ये आणि मला सांग. बाकी मला काही नको."

"मॅडम, बंदर आता नाही तिथं. समुद्र कधीच मागं गेला. नुसती दलदल आहे आणि वेत."

"तेच तर बघायचंय त्याला. माझ्या डोळ्यांनी."

उस्तानं आरशातून इल्हामीकडं बघितलं. म्हाताऱ्या पाहुण्या लाडक्या असतात, पण हळू चालतात. आणि नोव्हेंबरात दिवस लवकर संपतो.

एफेसला पोचले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. खालच्या दरवाजावर सेयफी रखवालदार कुलूप घेऊनच उभा होता.

"इल्हामी, आता कसली फेरी? घरी डाळीचं सूप गार होतंय माझं."

"सेयफीदादा, फक्त बंदराचा रस्ता. जातो आणि येतो."

"तू जातोस तेव्हा जेवणाची वेळ होते, येतोस तेव्हा झोपेची." पण त्यानं दार उघडं ठेवलं. उस्ता गाडीतच थांबला.

बंदराचा रस्ता म्हणजे रुंद संगमरवरी रस्ता. दोन्ही बाजूंना तुटके खांब. एके काळी बोटीवरून उतरलेला माणूस या रस्त्यानं शहरात यायचा. आता रस्ता वेतांत जाऊन संपतो. मार्गिट हळूहळू चालत होती. काठी दगडावर टक टक वाजत होती. शेवटाला पोचल्यावर ती एका पडक्या खांबावर बसली आणि बराच वेळ वेतांकडं बघत राहिली. इल्हामीनं खिशातनं संत्री काढली, सोलली आणि फोडी तिच्या हातावर ठेवल्या.

तेवढ्यात त्याला ती बाई दिसली.

पलीकडच्या खांबाशी उभी होती. डोक्यावरून कापड, काखेत गाठोडं. गावातल्या बायका पावसानंतर तिथं रानभाजी खुडायला येतात, तशीच कुणीतरी असेल, असं त्याला वाटलं. तोंडात फोड होती. सवयीनं हात पुढं केला आणि म्हणाला, "या काकी."

तिनं "होऊ दे" म्हणायला हवं होतं.

ती काही बोलली नाही. नुसती बघत राहिली.

इल्हामीला ओशाळल्यासारखं झालं. उत्तर आलं नाही की माणूस आणखी आग्रह करतो. आपली ती खोडच आहे. तो म्हणाला, "घरी जायला उशीर झाला ना? कुठं जायचंय?"

"बोट गेली का?"

"नाही हो, उभी आहे अजून. आम्ही बंदराकडंच निघालोय. चला, गाडीत जागा आहे."

कुणीही म्हणालं असतं, नको, तुम्ही व्हा पुढं.

ती म्हणाली, "येते."

सांगता सांगता उस्ता इथं थांबला. तैफूननं पोळी खाली ठेवली होती.

"मी त्याला नंतर विचारलं," उस्ता म्हणाला, "कुठल्या भाषेत बोलली रे ती? तर म्हणाला, आठवत नाही. कळलं एवढं आठवतं."

ती "येते" म्हणाली तेवढ्यात इल्हामीचा फोन वाजला, बोटीवरून. वारा वाढतोय, कप्तान ठरल्यापेक्षा लवकर बोट काढतोय, पाहुणीला ताबडतोब आणा. बोलता बोलता फोनची बॅटरी संपली. अंधार भराभर उतरत होता. त्यानं मार्गिटला उठवलं, कोपराला धरलं आणि निघाला. मागं वळून त्या बाईकडं बघितलंही नाही. ती येत असेल तर येईल.

अर्ध्या रस्त्यावर वाऱ्याचा झोत आला. माती, पानं, सगळं डोळ्यांत. इल्हामीनं मार्गिटचा हात सोडला, दोन्ही मुठींनी डोळे चोळले. मग पुन्हा कोपर धरलं.

"चला मॅडम. जरा पाय उचला."

तिनं पाय उचलला. चांगला उचलला. आता तोच मागं पडत होता.

वारा कानांत नुसता ओरडत होता. त्यामागं कुणीतरी हाक मारतंय असं त्याला वाटलं. वेत असतील. वेत असेच वाजतात.

दरवाजावर सेयफी नव्हता, मागं दिवा लावायला गेला होता. उस्तानं गाडी सुरूच ठेवली होती. बाई मागं बसल्या. शाल डोक्यावरून पुढं ओढलेली.

"बंदर आवडलं का मॅडम?" इल्हामीनं विचारलं.

उत्तर नाही.

"बोट मिळेल. काळजी करू नका."

उत्तर नाही.

उस्तानं हळूच विचारलं, "रुसली काय रे?"

"दमलीय."

"काच वर कर तिच्याकडची. गार वारा येतोय."

"काच बंदच आहे, उस्ता."

उस्तानं गाडीचा वेग वाढवला.

बंदराच्या फाटकाशी गाडी उभी राहिली. इल्हामी दार उघडायला उतरला, तोवर बाई उतरल्या होत्या. सरळ चालत गेल्या. भराभर. मागं न बघता. शिडीजवळच्या कार्ड तपासायच्या यंत्राचा बीप ऐकू आला. हिरवा दिवा लागला. त्या वर गेल्या.

इल्हामीनं सुस्कारा सोडला. मग त्याच्या लक्षात आलं.

काठी.

काठी नव्हती हातात. गाडीतही नव्हती. आणि रस्त्यावर… डोळे चोळल्यानंतर… टक टक ऐकूच आली नव्हती.

उस्ताचा फोन वाजला. सेयफी.

"कुठं आहात रे गाढवांनो? तुमची पाहुणी इथं माझ्या खोलीत बसलीय. थरथर कापतेय. तिला टाकून गेलात कसे?"

उस्तानं फोन इल्हामीच्या हातात दिला. मार्गिटचा आवाज आला. ती रडत नव्हती. ते जास्त वाईट होतं.

"तुम्ही माझा हात सोडलात," ती म्हणाली, "आणि त्या बाईचा धरलात. मी केवढ्या हाका मारल्या. तुम्ही वळलाच नाहीत."

"मॅडम, तुमचं कार्ड…"

"माझ्या गळ्यात आहे."

इल्हामीनं शिडीकडं बघितलं.

"इल्हामी. माझ्या खोलीत आर्ने एकटा आहे."

उस्तानं गाडी वळवली आणि एफेसची वाट धरली. गाडी अशी कधी पळवली नव्हती म्हणाला. इल्हामी शिडीकडं धावला. तिथं गणवेशातला एक अधिकारी दोर सोडवायच्या गडबडीत होता.

"माझी पाहुणी खाली राहिलीय!"

"कोणी राहिलेलं नाही. सगळे वर आहेत."

"मार्गिट. नॉर्वेची. ती एफेसला आहे, मी आत्ता बोललो तिच्याशी!"

अधिकाऱ्यानं यंत्रात बघितलं. "आल्यात त्या. तुम्हीच सोडलंत ना त्यांना आत्ता?"

"ती… ती नव्हे ती."

अधिकाऱ्यानं त्याच्या तोंडाचा वास घेतला. प्यायलाय का बघत होता. पण इल्हामीचा चेहरा बघून त्यानं काय ते ओळखलं असावं. "एकदाच," म्हणाला, आणि वरच्या माणसाला वायरलेसवरून सांगितलं, त्या खोलीचं दार वाजव.

दोघं उभे राहिले. वारा. दोरांची करकर.

वायरलेस खरखरला. अधिकाऱ्यानं ऐकलं. त्याचा चेहरा मोकळा झाला.

"आहेत खोलीत. यजमानच बोलले दाराआडून. बायको आली म्हणाले. फार गार पडलीय, पांघरूण घालतोय."

इल्हामीनं अधिकाऱ्याची बाही धरली. अधिकाऱ्यानं ती हळूच सोडवली. शिडी वर गेली.

उस्ता मार्गिटला घेऊन पोचला तेव्हा शिडी उचलूनही वाऱ्यामुळं रखडलेली बोट नुकतीच धक्क्यापासून सुटली होती. ती काठी टेकत अगदी कडेपर्यंत गेली. इल्हामीनं मागून तिचा कोट घट्ट धरून ठेवला. ती बोटीकडं बघत खिडक्या मोजत होती. मग थांबली.

"ती आमची," म्हणाली.

खिडकीत दिवा होता. दिव्यापुढं कुणीतरी उभं होतं. हात हलवत नव्हतं. नुसतं उभं.

मार्गिटनं नवऱ्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला… बोटीचा दिवा बारीक होत होत गेला.

रात्रभर ती इल्हामीच्या घरी होती. त्याच्या बायकोनं, गुलिझारनं, तिच्या पायांना ऊन पाण्याची पिशवी लावली, सूप केलं. ते तसंच राहिलं. मार्गिट फोन मांडीवर घेऊन बसून होती. इल्हामी समोर जमिनीवर बसला होता. तिच्याकडं बघायची त्याची हिंमत होत नव्हती. म्हाताऱ्याला काही झालं, तर ते आपल्या एका शब्दानं झालं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. तोही कसला शब्द? आईनं लहानपणी शिकवलेला.

उजाडता उजाडता फोन वाजला.

मार्गिटनं तो कानाला लावायच्या आधी डोळे मिटले.

"कुठं गेलीस गं?" म्हाताऱ्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. "आपण ग्रीसला, पिरेअसच्या बंदरात लागलोय. दार उघडून एकटीच उतरलीस?"

मार्गिट ओठ चावून बसली. मग अगदी सावकाश विचारलं, "आर्ने, तू बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? रात्रभर तूच झोपली नाहीस. खिडकीशी उभी. बोलेनास, बसेनास. मी तिकडचं बंदर कसं होतं विचारलं, तर रडायला लागलीस. मग मी नाही विचारलं पुन्हा."

मार्गिटनं तोंडावर हात दाबला. गुलिझारला भाषा कळत नव्हती, तरी ती तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिचं डोकं खांद्यावर घेतलं.

इल्हामी उठला. बूट घातले आणि बाहेर पडला. उस्ता गाडीतच झोपला होता, काच वाजवून त्याला उठवलं. दोघं एफेसला गेले. सेयफीनं काही न विचारता दार उघडलं. तिघं बंदराच्या रस्त्यानं शेवटपर्यंत चालत गेले. वारा पडला होता. संत्र्याची सालं खांबाच्या फटीत अडकून पडलेली.

पलीकडच्या खांबाशी इल्हामी थांबला.

तिथला संगमरवर ऊन-पावसानं काळा पडलाय, वर शेवाळं, बुरशी, किती शतकांची कुणास ठाऊक. त्या काळ्या दगडावर दोन पांढऱ्याशुभ्र जागा होत्या. पिढ्यान्‌पिढ्या एका जागी ठेवलेला रांजण उचलला की खालची फरशी जशी गोरी निघते, तशा. कडेला गांडुळांची ओली नक्षी. एका पांढऱ्या जागेवर एक आंधळा किडा उजेडात वळवळत होता.

दोन पावलं. बायकी. शेजारी शेजारी, तोंड वेतांकडं.

सेयफी पुटपुटत दुआ म्हणू लागला. उस्तानं टोपी काढली.

इल्हामी गुडघ्यावर बसला. जरा वेळानं दरवाजा उघडणार होता. पहिली गर्दी येणार होती. पाहुण्यांना दगडातल्या पावलात पाय ठेवून बघायची फार हौस असते, आणि त्या रिकाम्या जागी आता दुसरं कुणी उभं राहायला नको होतं. त्यानं दोन्ही हातांनी शेजारची ओली माती उकरली आणि ती पावलं झाकायला घेतली. एक झालं. दुसरं झालं. वर जड दगड रचले. मग नखांतली माती तशीच ठेवून तो घरी परतला, कारण मार्गिटला विमानतळावर पोचवायचं होतं, आणि गाडीत बसायच्या आधी त्यानं मागची सीट रिकामी आहे ना ते बघितलं, आणि मार्गिट समोर असूनही जन्मात पहिल्यांदाच तोंडानं "या" म्हटलं नाही.